वैद्यकीय निष्काळजीपणा आणि नुकसानभरपाई : एक अभ्यास

डॉक्टर म्हणजे देव, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. देवाकडे हिशेब मागायचा नसतो. म्हणून उपचारात काही विपरीत घडले, तर बहुतेक माणसे 'नशिबात होते' म्हणून गप्प बसतात. काही जण संतापाच्या भरात दवाखान्याच्या काचा फोडतात आणि मग स्वतःच आरोपी होतात. महाराष्ट्रात २०१० सालच्या कायद्यानुसार डॉक्टरांवर व रुग्णालयांवर हल्ला करणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मोडतोडीची दुप्पट भरपाईही द्यावी लागते. गप्प बसणे आणि काचा फोडणे यांखेरीज तिसरा मार्ग आहे, तो कायद्याचा. त्याची माहिती आपल्या सभासद बंधु-भगिनींना व विद्यार्थ्यांना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही बँकेत काम करतो. ऑपरेशनसाठी मुदतठेव मुदतीपूर्वी मोडणारे, सोन्याचे दागिने तारण ठेवून कर्ज काढणारे लोक आम्ही रोज पाहतो. आयुष्याची पुंजी एका आठवड्यात रुग्णालयात जाते. एवढा पैसा मोजूनही, समोरच्याच्या हलगर्जीपणामुळे घरातला कमावता माणूस कायमचा अपंग झाला, तर त्या घराने कोणाकडे पाहावे, हा प्रश्न मोठा आहे.

१. निष्काळजीपणा कशास म्हणावे?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रुग्ण बरा झाला नाही किंवा दगावला, एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. उत्तम उपचार करूनही अपयश येऊ शकते. एका दुखण्यावर उपचाराच्या दोन मान्य पद्धती असतील आणि डॉक्टरांनी त्यांपैकी एक निवडली असेल, तर दुसरी का निवडली नाही म्हणून त्यांना दोष देता येत नाही. त्या विषयातील सर्वसाधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली गेली नाही, आणि त्याच कारणामुळे रुग्णाचे नुकसान झाले, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आपले दुःख कितीही खरे असले, तरी भरपाई दुःखावर मिळत नाही, कर्तव्यभंगाच्या पुराव्यावर मिळते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले, म्हणजे पुढचे सारे सोपे होते.

२. महाराष्ट्रातील दोन खटले

या विषयातील पायाभूत निकालांपैकी दोन आपल्याच राज्यातील आहेत.

पहिला, लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. त्याला टॅक्सीने सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून पुण्यास नेण्यात आले. तेथे भूल न देता, जोर लावून हाड बसविले गेले आणि त्याच रात्री तो मरण पावला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने व उच्च न्यायालयाने निष्काळजीपणा मान्य केला आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल कायम केले. भरपाई होती ३,००० रुपये. रक्कम लहान, पण निकालाने घालून दिलेले तत्त्व मोठे आहे. डॉक्टरांची तीन कर्तव्ये त्यात सांगितली आहेत : रुग्णास स्वीकारावे की नाही हे ठरविताना काळजी घेणे, कोणता उपचार करावा हे ठरविताना काळजी घेणे, आणि प्रत्यक्ष उपचार करताना काळजी घेणे.

दुसरा खटला औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर), अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जुलै १९६३ मध्ये तेथील सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. तीन दिवसांनी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप व वेदना वाढत गेल्या. पोट पुन्हा उघडले, तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेतील कापडी बोळा आत राहिल्याचे आढळले. पाच दिवसांनी ती मरण पावली. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला, तो उच्च न्यायालयात रद्द झाला. अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. पोटात बोळा राहणे ही घटनाच स्वतः बोलते, तिला वेगळा पुरावा लागत नाही, आणि सरकारी रुग्णालयातील नोकरांच्या निष्काळजीपणाला शासन जबाबदार असते, या दोन गोष्टी या निकालाने पक्क्या केल्या. मात्र मृत्यूपासून निकालापर्यंत साडेबत्तीस वर्षे गेली, हेही विसरता येत नाही. आईवेगळी झालेली मुले तोवर प्रौढ झाली.

३. ग्राहक कायद्याचे दार

दिवाणी न्यायालयाची ही दिरंगाई पाहता १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा महत्त्वाचा ठरला. डॉक्टरांची सेवा त्यात येते की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटविला. त्याचे सार असे :

(अ) जेथे सर्वांकडून शुल्क घेतले जाते, तेथील रुग्ण ग्राहक होय.

(आ) जेथे काहींकडून शुल्क घेऊन काहींवर मोफत उपचार होतात, तेथील मोफत रुग्णही ग्राहक होय. धर्मादाय खाटेवरील गरीब रुग्णास हे विशेष लागू पडते.

(इ) जेथे सर्वांवरच मोफत उपचार होतात, तेथील रुग्ण या कायद्याखाली ग्राहक नाही. केसपेपरचे नाममात्र शुल्क भरल्याने फरक पडत नाही. अशा रुग्णास दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा असतो. तेथे शासनाविरुद्ध दाव्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

कामगार विमा योजनेचे रुग्णालयही ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ठरविले. पगारातून वर्गणी कापली जाणाऱ्या आपल्या कामगार बांधवांनी हे लक्षात ठेवावे.

१९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून अमलात आहे. नव्या कायद्याच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा शब्दशः उल्लेख नाही, म्हणून डॉक्टर सुटले, असे काहींचे म्हणणे होते. ते मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली फेटाळले व २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

तक्रार कोठे करावयाची, हे रुग्णालयास दिलेल्या रकमेवरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही आता तक्रार करता येते. मुंबईत उपचार घेतलेल्या परभणीच्या माणसाने मुंबईच्या खेपा घालाव्यात असे राहिलेले नाही. वकील देणे सक्तीचे नाही. जिल्हा आयोगाचा निकाल मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

४. मुदत : दोन वर्षे

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत झाली पाहिजे. सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. गोव्यातील सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेवर १९९३ साली मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पुढे नऊ वर्षे पोटात दुखत राहिले, वेदनाशामक गोळ्यांवर दिवस गेले. २००२ साली दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटातून गॉज निघाला. तक्रार २००४ साली दाखल झाली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरविली. दोष लपलेला असेल तर तो कळल्यापासून मुदत मोजता येते हे न्यायालयाने मान्य केले. तथापि इतकी वर्षे दुखत असता, स्वतः या व्यवसायात असलेल्या व्यक्तीने डॉक्टरांकडे जाऊन विचारणा करावयास हवी होती, असे मत पडले. तात्पर्य, दुखणे अंगावर काढले तर हक्कही हातचा जातो.

५. कागद हाच साक्षीदार

सर्वांत जास्त तक्रारदार अडतात ते कागदाअभावी. बँकेत व्हाउचरवाचून व्यवहार सिद्ध होत नाही, तसेच येथेही आहे. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे, संमतीपत्राची प्रत, भुलेची व शस्त्रक्रियेची नोंद, नर्सचा ताप-नाडीचा तक्ता, औषधांच्या चिठ्ठ्या, बिले व पावत्या हे सर्व तारखेप्रमाणे लावून ठेवावे. पावती मिळाली नसेल, तर पैसे काढल्याची किंवा पाठविल्याची पासबुकातील नोंद जपावी. डॉक्टर कधी येऊन गेले, कोणी काय सांगितले, याची टिपणवही त्याच दिवसांत लिहावी. मृत्यूबद्दल शंका असेल, तर अंत्यविधीपूर्वी पोलिसांना लेखी कळवून शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. दुःखाच्या घडीला हे जड जाते हे आम्ही जाणतो, पण ती वेळ पुन्हा येत नाही.

रुग्णाच्या नोंदी मिळणे हा उपकार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्जाचा नमुना पुढे देत आहोत :

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस, मी / माझे (नाते) दि. … ते दि. … या काळात आपल्या रुग्णालयात दाखल होतो / होते. आंतररुग्ण क्रमांक … . उपचाराच्या संपूर्ण नोंदींच्या साक्षांकित प्रती ७२ तासांत मिळाव्यात, ही विनंती. प्रतींचा योग्य खर्च भरण्यास तयार आहे. दिनांक, सही, पत्ता."

अर्ज दोन प्रतींत करावा. एक द्यावी, दुसरीवर पोच घ्यावी. पोच नाकारल्यास स्पीड पोस्टाने पाठवावा.

कागद मिळाल्यावर ते त्याच विषयातील दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून लेखी मत घ्यावे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत आवश्यकच आहे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. उघड चूक असेल तेथे ते नसले तरी चालते. पण गुंतागुंतीच्या प्रकरणात त्यावाचून तक्रार लंगडी पडते.

६. भरपाई किती?

झालेला खर्च, पुढील उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, अपंगत्व, वेदना या सर्वांचा हिशेब मांडावा लागतो. १९९८ साली स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात, अपात्र परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन दिल्यामुळे कायमचे अधू झालेल्या बालकास साडेबारा लाख व त्याच्या आईवडिलांस वेगळे पाच लाख मिळाले. हैदराबाद येथे १९९० साली शस्त्रक्रियेनंतर कमरेखाली लुळ्या पडलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपली बाजू स्वतः मांडली आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास एक कोटी रुपये मंजूर केले. तेव्हा आकडा अंदाजाने टाकू नये. प्रत्येक रकमेमागे कागद असावा.

७. पोलीस व वैद्यक परिषद

फौजदारी तक्रारीत शिक्षा होते, भरपाई हा तिचा मुख्य हेतू नसतो. तेथे निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, आणि डॉक्टरांवर कारवाईपूर्वी दुसऱ्या सक्षम, शक्यतो सरकारी डॉक्टरांचे मत घ्यावे, असे जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली ठरले. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरांची नोंदणी काही काळ स्थगित करू शकते, पैसे देववू शकत नाही. भरपाई हवी असणाऱ्याने याच दोन दारांत दोन वर्षे घालवू नयेत.

८. मोफत वकील : आपला हक्क

कित्येक जण 'वकिलाला द्यायला पैसे नाहीत' म्हणून पाऊल मागे घेतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, सर्व स्त्रिया, मुले, अपंग व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक सहाय्य मिळते. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. त्यामुळे जातीचा जो दाखला आपण शिष्यवृत्ती व नोकरीसाठीच कपाटातून काढतो, तोच दाखला येथेही चालतो. या कायद्यातील 'न्यायालय' या शब्दात न्यायिक स्वरूपाचे काम करणारी प्राधिकरणे येत असल्याने ग्राहक आयोगापुढील प्रकरणासही सहाय्य मागता येते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे साध्या कागदावर अर्ज करावा. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठी आहे.

समारोप

बहुसंख्य डॉक्टर आपले काम निष्ठेने करतात. त्यांचा मान राखून, जेथे हयगय झाली तेथे हिशेब मागणे यात कृतघ्नपणा नाही. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठविले, त्या प्रकरणी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग मानला आणि त्यास २५,००० रुपये देवविले. शेतमजुराच्या जिवालाही घटनेने मोल दिले आहे. ते वसूल करण्याची रीत शिकून घेणे हे आपले काम आहे. आमची विनंती एवढीच, की प्रत्येक वस्तीतील दोन-तीन सुशिक्षित तरुणांनी हा विषय नीट समजून घ्यावा आणि अडलेल्या घरासाठी पहिल्या आठवड्यात तो अर्ज लिहून द्यावा.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. उपचार अयशस्वी होणे आणि निष्काळजीपणा यांतील फरक पालशेत खटल्याच्या आधारे सांगा.

२. धर्मादाय खाटेवर मोफत उपचार घेतलेला रुग्ण ग्राहक ठरतो काय? का?

३. गोव्याच्या परिचारिकेचा दावा कोणत्या कारणाने गेला? तिने कोणते पाऊल वेळेवर उचलावयास हवे होते?

४. वरील नमुन्याप्रमाणे नोंदी मागणारा अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात लिहा.