उत्सवातील साउंड आणि विजेचा हिशेब

मागच्या दत्तजयंतीला आमच्या मंडळात सायंकाळी ऐन जन्मकाळी माइक बंद पडला. पुढच्यांनी फुले उधळली, पाळणा सुरू झाला, आणि मांडवाच्या टोकाला बसलेल्या एक आजी विचारत राहिल्या, "जन्म झाला का रे बाबा?" फार लागलं मनाला. सगळे साउंडवाल्यावर घसरले. दुसऱ्या दिवशी बोर्ड बघून मी आकडे मांडले, तर चूक आम्हा कार्यकर्त्यांचीच निघाली.

वॅटला 230 ने भागले की साधारण अँपिअर मिळतात. एकाच फेजवर 500 वॅटचे सहा हॅलोजन, म्हणजे 13 अँपिअर. साउंडचे 10. एमसीबी होता 20 चा. हे 23 तो कसेबसे सोसत होता. त्यात जन्माच्या थोडं आधी कोणीतरी चहाचा 2000 वॅटचा बॉयलर लावला, त्याचे जवळजवळ 9. बेरीज 32! एवढ्या जादा भाराला एमसीबी लगेच पडत नाही, तापत तापत काही मिनिटांनी पडतो.

साउंडचे 10 कसे? अँप्लिफायरवरचा आकडा म्हणजे त्याची कमाल ताकद. भजन-प्रवचन सरासरी त्याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास चालतं. पण जुने जड अँप्लिफायर उष्णतेतही बरीच वीज घालवतात, म्हणून 1000 वॅटच्या चार नगांना मी निम्मे, 2000 धरले. मिक्सर वगैरेला 300. डीजेच्या ठोक्यांना हा हिशेब चालणार नाही. (आपल्याकडे ते नकोतच.)

"मागे ऐकू येत नाही, वॅट वाढवा," असं दरवर्षी कोणीतरी म्हणतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो, आणि तेवढाच भरून काढायला चौपट वॅट लागतात. पुढच्यांचे कान किटतात ते वेगळंच. त्यापेक्षा 20 मीटरवर दोन लहान स्पीकर लावावेत. मुख्य आवाजाला तिथे पोचायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो, तेवढा उशीर त्यांना मिक्सरवर द्यायचा, नाहीतर शब्द दुहेरी ऐकू येतात.

जनरेटरचे म्हणाल तर, एकूण 7300 वॅट भागिले 0.8, म्हणजे 9 केव्हीएच्या वर. थोडी शिल्लक हवी, म्हणून 15 चा सांगितलाय. न्यूट्रलचा जोड मात्र वायरमनकडून समोर उभे राहून घट्ट करून घ्या. तो सुटला तर एखाद्या फेजवर 230 ऐवजी 400 व्होल्टच्या जवळ दाब जाऊन अँप्लिफायर जळतात. आणि घरघर येते म्हणून अर्थिंगची पिन काढू देऊ नका, माइक धरणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो.

यंदा साउंड एका फेजवर, दिवे दुसऱ्यावर, स्वयंपाकघर तिसऱ्यावर. बॉयलरची वायर साउंडच्या बोर्डापर्यंत पोचणारच नाही एवढी आखूड करून घेतली आहे.