अनाप्ताचे वचन : जाहिराती व वाङ्मय यांतील एक तर्कदोष

मनुष्याच्या ज्ञानापैकी फारच थोडा भाग त्याने स्वतः पाहून वा पडताळून मिळविलेला असतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, जलात हायड्रोजन व ऑक्सिजन ही मूलद्रव्ये असतात, अमुक साली अमुक लढाई झाली, या गोष्टी आपण बहुधा दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्वीकारतो. म्हणून दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा स्वतः काही दोष नव्हे. प्राचीन न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीला 'शब्द' हेही एक प्रमाण मानले आहे. मात्र हे प्रमाण कोणाच्याही शब्दाला लागू नाही. तो शब्द 'आप्ताचा' असला पाहिजे.

आप्त कोणास म्हणावे? भाष्यकार वात्स्यायनाने याची लक्षणे दिली आहेत. ज्याला त्या विषयाचे साक्षात् ज्ञान आहे, जे जाणले ते तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, आणि जो ते सांगण्यास समर्थ आहे, तो आप्त. विशेष म्हणजे ही लक्षणे ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखीच लागू पडतात, असे भाष्यकार म्हणतो. आप्तत्व हे कुळावर, कीर्तीवर वा पदावर अवलंबून नसून विषयाच्या ज्ञानावर व सचोटीवर अवलंबून आहे, हा याचा अर्थ. यांपैकी एखादे लक्षण नसतानाही केवळ वक्त्याच्या मोठेपणावरून त्याचे विधान सत्य मानणे, यास मिथ्या आप्तप्रामाण्याचा तर्कदोष म्हणतात. 'बाबा वाक्यं प्रमाणम्' या आपल्या नित्याच्या वाक्प्रचारात याच दोषाचा उपहास आहे.

जाहिरातीचा व्यवसाय या दोषावर मोठ्या प्रमाणात पोसला जातो. १९४१ मध्ये लीला चिटणीस या ख्यातनाम मराठी अभिनेत्री लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय चित्रपट-अभिनेत्री होत. अभिनयाविषयी त्यांचे मत आप्ताचे होते, यात शंका नाही. एखादा साबण आपणास आवडतो, एवढे सांगण्याचा अधिकारही प्रत्येकास असतो. परंतु साबणाचा त्वचेवर काय परिणाम होतो, हा प्रश्न अभिनयाच्या कक्षेत येत नाही. शिवाय जाहिरातीतील शब्द मोबदला घेऊन उच्चारलेला असतो. तेथे दुसरे लक्षणही संशयास्पद ठरते.

याहून सूक्ष्म प्रकार अमेरिकेत घडला. १९४६ मध्ये कॅमल सिगारेटच्या जाहिरातींतून असे सांगण्यात येऊ लागले की, इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा हीच सिगारेट ओढणारे डॉक्टर अधिक आहेत. डॉक्टर हे आरोग्याच्या विषयातील जाणते खरे. परंतु डॉक्टराची सवय म्हणजे वैद्यकशास्त्राचा निष्कर्ष नव्हे. १९५० मध्ये डॉल व हिल या ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा निकट संबंध प्रसिद्ध केला, त्यावरून हा भेद ध्यानी येतो. तज्ज्ञाचे आचरण व तज्ज्ञाने केलेली परीक्षा या दोन भिन्न गोष्टी होत.

भारतातील बोधप्रद उदाहरण तमिळनाडूतील आहे. १९९६ मध्ये रामर पिल्लै या गृहस्थांनी, वनस्पतींच्या साहाय्याने पाण्यापासून पेट्रोलसारखे इंधन तयार करता येते, असा दावा केला. काही अधिकारी व शास्त्रज्ञ यांच्यासमोर प्रात्यक्षिके झाली, वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. 'मोठमोठ्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे', एवढ्यावर सामान्य जनांचा विश्वास बसला. पुढे मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत कसून परीक्षा झाली, तेव्हा दावा टिकला नाही. तरीही नंतर चेन्नईत हे 'वनस्पती-इंधन' विकले गेले. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात ते टोल्युईन, नॅफ्था आदी खनिज-तेलजन्य पदार्थांचे मिश्रण असल्याचे आढळले. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने रामर पिल्लै व त्यांच्या सहकाऱ्यांस दोषी ठरवून तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

येथे शाळेतील विद्यार्थ्यालाही स्वतः विचार करता आला असता. पेट्रोल हे मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांचे संयुग-मिश्रण आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो भरते व त्यात सहाशे ग्रॅमहून अधिक कार्बन असतो. पाण्यात कार्बन मुळीच नाही. वाळलेल्या वनस्पतीत साधारणपणे निम्म्याहून काहीसा कमी कार्बन असतो. म्हणजे एक लिटर इंधनासाठी, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, सव्वा किलोहून अधिक वाळलेला पाला लागेल. मूठभर पानांतून हा कार्बन कोठून येणार? शिवाय पाणी हा हायड्रोजन जळून झालेला पदार्थ आहे. त्यापासून पुन्हा इंधन करावयाचे तर बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते. हा हिशेब मांडण्यास कोणाच्या शिफारशीची गरज नव्हती. शास्त्रज्ञाचा अधिकार त्याच्या नजरेत नसून त्याने योजलेल्या कसोटीत असतो. जादूगाराच्या हातचलाखीपुढे शास्त्रज्ञाचे डोळेही इतरांसारखेच फसतात.

वाङ्मयातही हा दोष आढळतो. लेखकाच्या शैलीने आपण भारावतो आणि त्याने रंगविलेले प्रसंग इतिहास समजू लागतो. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा जिंकताना देह ठेवला व त्यावरून गडास सिंहगड हे नाव पडले, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीने ती घराघरांत पोहोचविली. परंतु १६६३ मधील शिवाजी महाराजांच्या पत्रात सिंहगड हे नाव येते, हे इतिहाससंशोधकांनी दाखवून दिले आहे. यामुळे तानाजीचे शौर्य अणुमात्र उणे होत नाही, अथवा हरिभाऊंची थोरवीही कमी होत नाही. मानवी मनाच्या चित्रणात कादंबरीकार आप्त आहे. नावांच्या व तारखांच्या बाबतीत समकालीन पत्र आप्त आहे. स्वतः कालिदासानेही 'मालविकाग्निमित्रा'च्या आरंभी असाच विचार मांडला आहे : जुने म्हणून सारेच चांगले नसते व नवे म्हणून काव्य सदोष ठरत नाही, सुज्ञ परीक्षा करून निवड करतात, मूढ मात्र दुसऱ्याच्या बुद्धीने चालतो.

कायद्यानेही या दोषाची दखल घेतली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची शिफारस करणाऱ्या व्यक्तीस दहा लाख रुपयांपर्यंत व पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करण्यापूर्वी दाव्याची योग्य ती शहानिशा केली असल्यास मात्र ती व्यक्ती या दंडास पात्र ठरत नाही. अर्थात कायद्याची अपेक्षाही न्यायशास्त्राचीच आहे : बोलण्यापूर्वी जाणून घ्यावे.

तथापि कायदा हा फसवणुकीनंतर येतो. विचार अगोदर करता येतो. कोणतेही वचन स्वीकारताना वाचकाने चार प्रश्न विचारावेत. वक्ता याच विषयाचा जाणता आहे काय? त्याने स्वतः परीक्षा केली आहे काय? असे सांगण्यात त्याचा लाभ आहे काय? आणि त्या विषयातील इतर जाणते त्याच्याशी सहमत आहेत काय? उत्तरे समाधानकारक असतील तर विश्वास ठेवण्यात कमीपणा नाही. नसतील तर वक्ता कितीही थोर असो, त्याचे ते वचन प्रमाण नव्हे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आप्ताची तीन लक्षणे सांगा व प्रत्येकाचे एक उदाहरण द्या.

२. वृत्तपत्रातील एक जाहिरात निवडून तीस वरील चार प्रश्न लावा.

३. आपण वाचलेल्या एखाद्या ऐतिहासिक कादंबरीतील कोणता प्रसंग समकालीन साधनांवरून पडताळून पाहता येईल?