घाटात हरवणारे गाणे

खिशातल्या यंत्रातील गाणे तारेविना मोटारीच्या रेडिओवर कसे येते? एक चिमुकला प्रक्षेपक ते एफ.एम. लहरींवर चढवतो, रेडिओ त्याच कंप्रतेवर लावायचा. समजा, खालापूरला मोकळी वाटली म्हणून तुम्ही १०१ मेगाहर्ट्‌झ ही जागा निवडलीत. लहरीची लांबी सुमारे ३ मीटर. अशा लहरी बहुधा सरळ रेषेत जातात, डोंगराआड क्षीण होतात. बोरघाट चढलात की सह्याद्रीची आडभिंत सरते आणि पुण्याची विविध भारती त्याच १०१ वर येऊन ठेपते! एफ.एम. ग्राहक दोहोंतली जोरकस लहर पकडतो, दुबळी दाबतो. तोडीस तोड असल्या की नुसती खरखर. अशा वेळी कंप्रता बदलावी ती शेजाऱ्याने. घाटात चालकाने नव्हे. माडपच्या बोगद्यात मात्र उलट गंमत: बाहेरचे केंद्र मंदावते, तुमचे गाणे स्वच्छ. प्रक्षेपक हातभर अंतरावर तर आहे!