थेरपिस्टलाही थेरपी घ्यावी लागते का?

प्रश्न : मी सांगलीजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. बी.ए.ला मानसशास्त्र होतं. आता एम.ए. करून थेरपिस्ट व्हावं असं मनात आहे. पुण्याची मावसबहीण म्हणते, नुसत्या एम.ए.वर भागत नाही, आणि थेरपिस्ट होणाऱ्याला आधी स्वतःवर थेरपी करून घ्यावी लागते! हे खरं का? इकडे फोनवर तर रोज ‘सहा महिन्यांत सायकोथेरपिस्ट व्हा’ अशा जाहिराती येतात. नोकरी सांभाळून हे जमेल का?

उत्तर : मावसबहिणीचं पहिलं म्हणणं खरं आहे आणि दुसरं निम्मं खरं. आधी दुसरंच घेऊ, कारण ते जास्त मजेदार आहे.

स्वतःवर उपचार करून घेण्याची अट आली ती मनोविश्लेषणाच्या घराण्यातून. माक्स आयटिंगॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० साली बर्लिनमध्ये एक दवाखाना काढला. ज्यांना फी परवडत नाही अशांनाही तिथे मनोविश्लेषण मिळे. शिकाऊ विश्लेषकांचा रीतसर अभ्यासक्रमही तिथेच आकाराला आला. वर्गात सिद्धांत शिकायचा, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहायचे आणि स्वतःचंही विश्लेषण करून घ्यायचं. ही पद्धत पुढे जगभर गेली. आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळी. कलकत्त्यात १९२२ साली मनोविश्लेषणाची भारतीय संस्था स्थापन करणारे डॉ. गिरींद्रशेखर बोस हा विषय स्वतःच शिकले होते. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, पण दोघांची भेट कधीच झाली नाही. म्हणजे ज्यांनी इथे ही शाळा काढली, ते स्वतः त्या बाकावर कधी बसलेच नव्हते! आज या घराण्यात शिरणाऱ्याला मात्र ती सवलत नाही. त्याचं स्वतःचं विश्लेषण वर्षानुवर्षं चालतं.

पण सगळ्याच घराण्यांत ही अट नाही. विचार तपासून उपचार करण्याच्या पद्धती ज्यांनी रुजवल्या, ते अल्बर्ट एलिस आणि अ‍ॅरन बेक हे दोघेही मुळात मनोविश्लेषणातच तयार झालेले. नंतर त्यांनी आपापल्या वाटा काढल्या. एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मराठी वाचकांना ओळख झाली ती प्रामुख्याने प्रा. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे. फडक्यांचा खुद्द एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. या वाटांवर विचार तपासण्याची कसरत विद्यार्थ्याने स्वतःवर करून पाहावी असा आग्रह असतो, पण वर्षानुवर्षं कोचावर पडण्याची सक्ती नसते. भारतातल्या सरकारमान्य क्लिनिकल सायकॉलॉजीच्या अभ्यासक्रमातही ती नाही. तरी माझं मत विचाराल तर काही सत्रं जरूर घ्या. अनोळखी माणसापुढे घरातलं बोलताना घसा कसा कोरडा पडतो आणि समोरच्याने हळूच घड्याळाकडे पाहिलं तर कसं वाटतं, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

आता कायद्याकडे वळू. हा भाग रुक्ष आहे, पण फसवणूक होते ती इथेच. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ या नावाला भारतात कायद्याचं कुंपण आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजेच आरसीआय, वैधानिक झाली. तिच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय या नावाने व्यवसाय करता येत नाही. केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (मुंबई-पुण्यात एका सत्राची फी बहुधा याहून जास्तच असते, तेव्हा दंडाचा धाक कितपत वाटत असेल ते तुम्हीच ठरवा.) २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही हेच सांगते. ‘काउन्सेलर’ आणि ‘सायकोथेरपिस्ट’ या पाट्यांना मात्र आजवर असं कुंपण नव्हतं, म्हणून तर सहा महिन्यांच्या जाहिराती फोफावल्या. २०२१ च्या कायद्याने आरोग्यक्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आणि मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक त्याच्या कक्षेत आणले. त्या नियमांची घडी अजून बसते आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याची रुळलेली वाट अशी होती : मानसशास्त्रात ५५ टक्क्यांनी एम.ए., मग प्रवेशपरीक्षा, मग दोन वर्षं पूर्णवेळ एम.फिल. या परंपरेचं मूळ बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेत १९५५ साली सुरू झालेल्या पदविकेत आहे. तीच संस्था पुढे निमहान्स झाली. रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था आणि पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही याच वाटेवरची नावं. जागा थोड्या, अर्ज उदंड. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. दरम्यान पुनर्वास परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीचे बी.एस्सी., एम.ए. आणि साय.डी. असे नवे अभ्यासक्रम आणले. इथे एक खड्डा आहे. एखाद्या विद्यापीठाच्या एम.ए.च्या नावात ‘क्लिनिकल’ आहे म्हणून त्याला परिषदेची मान्यता असतेच असं नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा त्या यादीवर विश्वास ठेवा.

समुपदेशनाकडे जायचं असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणचं एम.ए. हा चांगला रस्ता आहे. तिथे वर्गाइतकंच प्रत्यक्ष कामाला महत्त्व असतं. मात्र तेवढ्यावर स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही.

पण या सगळ्या पदव्यांपेक्षा मी एकाच गोष्टीला जास्त वजन देतो, ती म्हणजे सुपरव्हिजन. बाहेरच्याला याची कल्पना नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा, शिकाऊ थेरपिस्टने एका गृहस्थाबरोबर पाऊण तास घालवला. नंतर ती आठवून शब्दन् शब्द लिहून काढते. परवानगी असेल तर ध्वनिमुद्रणही असतं. त्यात गृहस्थ म्हणतात, “रात्री झोप लागत नाही. म्हणजे, तसं विशेष काही नाही. वडील गेल्यापासूनच.” त्यावर तिने विचारलंय, “संध्याकाळी चहा किती घेता?” सुपरव्हायझर नेमका तिथे कागदावर बोट ठेवतो. “वडील गेले म्हणाले ना ते? मग तू चहाकडे का वळलीस?” ती म्हणते, झोपेच्या तक्रारीत चहाचं विचारायचं असतं, पुस्तकात आहे. तो म्हणतो, “आहे. पण ते वाक्य ऐकताना तुला काय झालं?” आणि मग बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात येतं की वडिलांचा विषय तिलाच नको होता.

अशी बैठक आठवड्यामागून आठवडे व्हावी लागते. ती करवून घेणारा अनुभवी माणूस नसेल तर संस्थेची इमारत कितीही झकपक असो, तिथे थेरपी शिकवली जात नाही, थेरपीबद्दल शिकवलं जातं. म्हणून प्रवेश घेताना चौकशी करा ती याचीच : माझी सत्रं कोण ऐकणार, किती वेळा, आणि एका सुपरव्हायझरमागे विद्यार्थी किती? सहा महिन्यांच्या जाहिरातवाल्यांना हे फोनवर विचारून पाहा. उत्तराऐवजी बहुधा सवलतीची शेवटची तारीख ऐकायला मिळेल. कामावर लागल्यावरही सुपरव्हिजन थांबत नाही. खासगी काम करणारे त्यासाठी पदरचे पैसे मोजतात. तो खर्च आत्ताच हिशेबात धरा.

नोकरी सांभाळून जमेल का, याचं उत्तर २०२५ च्या मध्यापर्यंत थोडं वेगळं दिलं असतं. तोवर पुष्कळ नोकरदार बायका दूरशिक्षणातून मानसशास्त्रात एम.ए. करत. मात्र २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. तेव्हा एम.ए.ची दोन वर्षंही आता कॉलेजात जाऊनच काढावी लागतील, आणि क्लिनिकलचं प्रशिक्षण तर पूर्णवेळच असतं. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी चाचण्या, संध्याकाळी केस मांडायची. बुद्धिमापनासाठी बिने-कामत चाचणी हाती येईल. कामतांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी ती बेतली, धारवाडला. तुमच्या सांगलीहून फार लांब नाही.

शाळा सोडणं शक्य नसेल तर आधी बिनपगारी अभ्यासरजेची चौकशी करा आणि जवळपासच्या कोणत्या कॉलेजात नियमित एम.ए. आहे ते पाहा. निदान दोन वर्षांचा पगार बुडणार हे घरी आधीच बोलून घ्या. आणि एखादं समुपदेशन केंद्र किंवा हेल्पलाइन स्वयंसेवक घेत असेल तर येत्या सुट्टीत तिथे काम करून पाहा. दुसऱ्याचं दुःख तासभर ऐकून, उपदेश न करता घरी येणं शिक्षकी पेशातल्या माणसाला सगळ्यात जड जातं.