शुश्रूषागृहांच्या सेवेची तुलना : कोणत्या निकषांवर करावी?

आमच्या संस्थेचे विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तेष्ट यांजकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : 'एवढी शुश्रूषागृहे व रुग्णालये असताना त्यांतील चांगले कोणते, हे सामान्य माणसाने ओळखावे कसे?' पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. रुग्ण अत्यवस्थ झाला की परभणी, माजलगाव, नांदेड वा छत्रपती संभाजीनगर यांपैकी एक वाट तातडीने धरावी लागते. त्या वेळी चौकशीला सवड नसते आणि निवड चुकल्यास त्याची किंमत कुटुंबास कधी जिवाने, तर कधी जमीन वा दागिने गहाण ठेवून मोजावी लागते. म्हणून हा विचार निवांतपणी, आजारपण येण्यापूर्वीच करून ठेवणे हिताचे ठरते.

नोंदणी ही केवळ पहिली पायरी

आपल्या राज्यात शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या अधिनियमानुसार होते आणि ठरावीक मुदतीनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. २०२१ साली नियमांत मोठी सुधारणा झाली. दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आणि तक्रार निवारणाची सोय करणे बंधनकारक झाले. देयक थकले या कारणास्तव मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावे. तथापि नोंदणी हा किमान पात्रतेचा दाखला होय; उत्तम सेवेचे प्रशस्तिपत्र नव्हे. नोंदणी नसेल तर पुढील विचारच करू नये. असेल तर विचारास तेथून प्रारंभ करावा.

रचना, प्रक्रिया आणि फलित

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी मोजावी, याची मांडणी अमेरिकेतील अभ्यासक अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली केली. ती आजही जगभर वापरली जाते. त्यांनी तीन अंगे सांगितली. पहिले रचना : इमारत, खाटा, उपकरणे, प्रशिक्षित परिचारिका, प्राणवायू. दुसरे प्रक्रिया : रुग्णावर प्रत्यक्ष काय व कसे उपचार झाले. तिसरे फलित : रुग्ण बरा झाला काय, अपंगत्व आले काय, मृत्यू टळला काय.

आम्ही हिशेबाची माणसे आहोत. केवळ इमारतीची किंमत पाहून कोणी पेढीची पत ठरवीत नाही. ताळेबंद आणि नफातोटा पत्रक दोन्ही वाचावी लागतात. रुग्णालयाच्या बाबतीत मात्र संगमरवरी फरशी व वातानुकूलित खोली पाहूनच आपण समाधान मानतो. रचना डोळ्यांना दिसते; प्रक्रिया विचारल्यावाचून कळत नाही.

प्रक्रियेचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर वाचून दाखवावयाची एक पडताळणी यादी प्रसृत केली. रुग्ण तोच ना, शस्त्रक्रिया तीच ना, जागा तीच ना, उपकरणे व कापडाचे बोळे मोजले काय, असे साधे प्रश्न तीत आहेत. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. एका कागदाने हे साधले.

मृत्यूच्या आकड्यांचा अर्थ

'तेथे फार माणसे दगावतात', एवढ्यावरून निर्णय करणे धोक्याचे आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्युदर सुमारे ९१ टक्के दाखविला होता. यात वर्षभरातील मृत्यूंना एका विशिष्ट दिवशी दाखल असलेल्या रुग्णसंख्येने भागले होते. वर्षभरात दाखल झालेल्या एकूण रुग्णांनी नव्हे. त्यावर तेव्हाच टीका झाली. भाजक चुकला की आकडा दिशाभूल करतो.

आपल्या जवळचे उदाहरण नांदेडचे. २०२३ च्या ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर रोजी तेथील शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे व मनुष्यबळ यांच्या टंचाईचे आरोप झाले. लांबलांबून गंभीर अवस्थेतील रुग्ण येथेच येतात, असे रुग्णालयाच्या वतीने सांगण्यात आले. उणिवांची चौकशी झालीच पाहिजे. पण अखेरच्या क्षणी रुग्ण दुसरीकडे पाठविणाऱ्या दवाखान्याच्या नोंदवहीत तो मृत्यू कधीच येत नाही, हेही विसरता कामा नये. जेथे एकही मृत्यू नाही, तेथून किती रुग्ण पुढे पाठविले गेले, हे विचारावे.

योग्य तुलना कशी असते, हे व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहाने दाखविले. तेथील दोन कक्षांत स्त्रिया दिवसाआड आळीपाळीने दाखल होत. म्हणजे रुग्ण सारखेच होते. तरीही डॉक्टर व विद्यार्थ्यांच्या कक्षात सुमारे १० टक्के, तर सुईणींच्या कक्षात सुमारे ४ टक्के माता दगावत. शवविच्छेदनानंतर हात निर्जंतुक न करता प्रसूती केल्याने हे घडते, असे इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखले. १८४७ साली क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती होताच पहिल्या कक्षातील मृत्यू झपाट्याने घटले.

अनावश्यक उपचार हीही उणीवच

यशस्वी शस्त्रक्रिया म्हणजे योग्य शस्त्रक्रिया असे नव्हे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांची, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. पाथरी परिसरातूनही कुटुंबे ऊसतोडीस जातात. म्हणून 'शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? औषधोपचाराचा मार्ग आहे काय?' हे विचारण्यास संकोचू नये आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा.

आप्तेष्टांनी विचारावयाचे प्रश्न

१. नोंदणी प्रमाणपत्र, दरपत्रक व हक्कांची सनद दर्शनी भागात लावली आहे काय?
२. रात्रपाळीस डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात, की दूरध्वनीवर बोलावले जातात? प्रशिक्षित परिचारिका किती?
३. रुग्णास हात लावण्यापूर्वी कर्मचारी हात धुतात काय?
४. रक्त, प्राणवायू व वीज खंडित झाल्यास पर्यायी सोय काय?
५. अग्निशमन यंत्रणा व बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे काय? जानेवारी २०२१ मध्ये भंडारा येथे नवजात बालकांच्या कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके दगावली, हे स्मरणात असावे.
६. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय समाविष्ट आहे काय? धर्मादाय रुग्णालय असल्यास निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटांच्या योजनेचा लाभ मिळतो काय?
७. रुग्ण पुढे पाठविताना उपचारांची लेखी टिपणे सोबत देतात काय?

यांतील एकाही प्रश्नासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही.

देणगीदारांस विनंती

देणगीचा फलक इमारतीवर शोभतो, हे आम्ही जाणतो. परंतु परिचारिकांचे प्रशिक्षण, हात धुण्याची व्यवस्था, जनित्राची देखभाल आणि अचूक नोंदवह्या यांवर फलक लावता येत नाही. रुग्णाचा जीव मात्र बहुधा त्यांवरच अवलंबून असतो. आपल्या दानाचा काही अंश या न दिसणाऱ्या कामांकडे वळावा, अशी आमची नम्र प्रार्थना आहे. वर दिलेले प्रश्न आपण प्रथम आम्हांसच विचारावेत. धर्मादाय संस्थेने पैशाचा हिशेब जसा द्यावयाचा, तसाच सेवेचाही द्यावयाचा असतो आणि तो मागण्याचा अधिकार आपला आहे.