डाख देणे आणि डाख सोडवणे

व्याकरणाच्या तासाला आपण प्रथम संधी करावयास शिकतो आणि मग संधी सोडवावयास. यांपैकी दुसरे काम अधिक अवघड. कारण जोडलेले वेगळे करताना मूळ शब्दांस धक्का लागता कामा नये. जुन्या रेडिओच्या दुरुस्तीतही हेच दोन पाठ गिरवावे लागतात.

रेडिओ उघडला की आत एक पट्टी दिसते. तिला सर्किट बोर्ड म्हणतात. तिच्यावर तांब्याचे पातळ मार्ग चिकटवलेले असून सुट्या भागांचे पाय त्या मार्गांना डाखाने जोडलेले असतात. चापट मारताच गाऊ लागणारा रेडिओ आपण सर्वांनी पाहिला आहे. अशा वेळी पुष्कळदा एखादा सांधा तडकलेला असतो. वर्षानुवर्षे तापण्या-निवण्याने तो शिणतो.

जुना डाख म्हणजे कथील व शिसे यांचे मिश्रण. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, शिसे ३२७ अंशांना; परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे एकत्र केल्यास ते मिश्रण १८३ अंशांनाच वितळते! युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून नव्या विद्युत उपकरणांत शिशाच्या वापरावर निर्बंध घातले. शिसेविरहित डाखाला सुमारे २२० अंश उष्णता लागते.

कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो, तो कशासाठी? तांब्यावरील गंज निघाल्यावाचून कथील त्यास धरत नाही, म्हणून. डाखाच्या तारेच्या पोटातील राळ हेच काम करते. मात्र नवसागर सर्किट बोर्डावर कदापि वापरू नये; त्याचा अवशेष पुढे तांबे खातो.

डाख देताना सोल्डरिंग आयर्नचे टोक भागाचा पाय व तांबे या दोहोंना एकाच वेळी टेकवावे आणि तार सांध्याला लावावी, टोकाला नव्हे. दोन-तीन सेकंद पुरेत. डाख पसरून लहानशा शंकूसारखा बसला, तर सांधा चांगला; गोळीसारखा वर राहिला, तर कच्चा.

आता सोडवणे. जुना डाख काढण्यासाठी आधी त्यावर थोडा नवा डाख द्यावा, हे ऐकून नवल वाटेल. पण जुन्या सांध्यातील राळ केव्हाच संपलेली असते. नवी राळ मिळाली की उष्णता सर्वत्र पोहोचते. मग वितळलेला डाख पिचकारीसारख्या पंपाने ओढून घ्यावा, किंवा तांब्याच्या विणलेल्या फितीने टिपावा. दिव्याची वात तेल शोषते, तशी ती फीत डाख शोषते. पाय सुटला नसेल तर ओढू नये, पुन्हा तापवावे. बळजबरी केल्यास किंवा फार वेळ तापवल्यास तांब्याचा मार्ग बोर्डापासून उखडतो आणि एका भागाची दुरुस्ती साऱ्या बोर्डाच्या नाशास कारण होते. कपॅसिटर काढण्यापूर्वी त्याच्या धन व ऋण बाजू वहीत टिपून ठेवाव्यात.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. रेडिओची पिन आधी काढावी. तरीही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच काम करावे. राळेचा धूर श्वासनलिकेस अपायकारक असतो, तेव्हा खिडकी उघडी असावी. शिसे विषारी आहे. काम संपताच साबणाने हात धुवावेत आणि त्याआधी काही खाऊ नये.

पहिला प्रयोग घरातल्या आवडत्या रेडिओवर करू नये. टाकून दिलेल्या बोर्डावरील वीस भाग सोडवावेत व पुन्हा बसवावेत. एकही मार्ग न उखडता हे साधले, म्हणजे हात तयार झाला असे समजावे. आज बिघडलेली वस्तू फेकून देणे सोपे झाले आहे. परंतु चार आण्यांएवढ्या सांध्यापायी सबंध यंत्र कचऱ्यात जावे, हे शिकलेल्या माणसास शोभत नाही.