आपले खाते, आपली किल्ली

मुलांनो, टपालाने पत्र पाठवायचे असेल, तर पाकिटावर पत्ता लिहावा लागतो. उर्दूत आपण ज्याला ‘पता’ म्हणतो, तोच मराठीतला ‘पत्ता’. ई-मेल म्हणजे संगणकावरून किंवा मोबाइलवरून जाणारे पत्र. त्यालाही पत्ता लागतो. या पत्त्यात ‘ॲट’ नावाचे गोल चिन्ह असते. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ई-मेल पाठवून दाखवला. माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे कळावे, म्हणून त्याने हे चिन्ह निवडले.

आज प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी अशा अनेक अर्जांत ई-मेलचा पत्ता विचारतात. पुष्कळ मुले अर्ज भरायला दुकानात जातात. दुकानदार घाईघाईत स्वतःच खाते उघडून देतो. पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. कधी मोबाइल नंबरही त्याचाच असतो. पुढे ‘कागदपत्रांत त्रुटी आहे’ असे पत्र येते, पण ते कोणी उघडतच नाही आणि मुदत निघून जाते. दारावर पाटी आपली आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार आहे. म्हणून आपले खाते आपणच उघडावे.

उदाहरणासाठी जीमेल घेऊ. ही सेवा २००४ साली सुरू झाली. अँड्रॉइड मोबाइलवर ती बहुधा आधीपासूनच असते. स्वतःचे खाते चालवण्यासाठी वय किमान १३ वर्षे हवे. घरातल्या मोठ्यांना विचारून, त्यांना शेजारी बसवूनच काम सुरू करा.

जीमेल उघडा. वरच्या कोपऱ्यातील गोल चित्रावर बोट ठेवा. ‘दुसरे खाते जोडा’ आणि मग ‘नवीन खाते तयार करा’ हे पर्याय निवडा. मोबाइल अब्बांचा किंवा अम्मीचा असला तरी हरकत नाही. एका मोबाइलवर अनेक खाती राहू शकतात.

आता नाव लिहा. येथे सावध राहा. ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहितात. आपल्या गुणपत्रिकेवर जसे आहे, तसेच लिहा. जन्मतारीखही खरीच लिहा.

त्यानंतर पत्ता निवडा. त्यातील आपला भाग ६ ते ३० अक्षरांचा असतो. ‘हीरो’, ‘किंग’ असले शब्द आज गमतीचे वाटतात, पण हाच पत्ता उद्या नोकरीच्या अर्जावर लिहायचा आहे. आपले नाव आणि एखादा अंक पुरेसा आहे.

मग पासवर्ड ठरवा. तो किमान ८ अक्षरांचा असावा लागतो. जितका लांब, तितका चांगला. मोबाइल नंबर, जन्मतारीख किंवा भावाचे नाव नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडा. काही उर्दू, काही मराठी असे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले, तर तुम्हांला आठवतील आणि दुसऱ्याला सहज ओळखता येणार नाहीत.

शेवटी मोबाइल नंबर विचारला जातो. त्यावर पडताळणीचा अंक येतो. तो कोणालाही सांगू नका. नंबर घरातलाच आणि चालू असलेला द्या. पासवर्ड विसरल्यास याच नंबरच्या मदतीने खाते परत मिळते. पुढे नंबर बदलला, तर खात्यातही त्याच दिवशी बदला. मोबाइल विकताना आपले खाते त्यातून काढून टाका.

खाते उघडून विसरूनही चालत नाही. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल बंद करून पुसून टाकू शकते. आठवड्यातून एकदा तरी टपाल पाहा. ‘स्पॅम’ नावाचा कप्पाही उघडा, कारण कामाचे पत्र चुकून तेथे जाऊन पडते.

दुकानदाराची मदत जरूर घ्या. अर्ज त्याच्याकडून भरून घ्या. पत्ता त्याला सांगा, पण पासवर्ड स्वतःच्या हाताने टाका आणि काम संपल्यावर त्याच्या संगणकावरील खाते बंद करूनच घरी या.

शब्दार्थ
किल्ली – चावी
त्रुटी – कमी, उणीव
शिष्यवृत्ती – वजीफा
पडताळणी – खरे-खोटे तपासणे
कप्पा – खाना
गुणपत्रिका – मार्कशीट

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘ॲट’ हे चिन्ह का निवडले गेले?
(आ) नाव लिहिताना कोणता कागद समोर ठेवावा?
२. ‘दारावर पाटी आपली आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात’ असे लेखकाने का म्हटले आहे?
३. ‘पत्ता’ आणि ‘पता’ यांसारखे मराठी व उर्दूत सारखे वाटणारे पाच शब्द शोधून लिहा.
४. उपक्रम : आपल्या मराठीच्या शिक्षकांना चार ओळींचा ई-मेल पाठवा. विषय लिहायला आणि शेवटी आपले नाव व इयत्ता लिहायला विसरू नका.